रॅली शिकायचीय? आधी ब्रेक सोडा!

"मी रॅली ड्रायव्हिंग शिकायला जाणार आहे," असं मी एका रविवारी पोहे खाता खाता जाहीर केलं.

आई म्हणाली, "आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी नीट लावायला शीक. परवा शेजारच्यांची स्कूटर पाडलीस." बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "कुठल्या पक्षाची रॅली?" बायको मात्र काहीच बोलली नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे. कारण या खुळाचं मूळ कुठे आहे, हे त्या टेबलावर फक्त तिला माहीत होतं.

मूळ ताम्हिणीत आहे. दोन वर्षांपूर्वीचा जुलै, आम्ही पुण्याहून दिवेआगरला निघालेलो. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरची काच म्हणजे नुसता धबधबा. गाडी २०१२ची हॅचबॅक, एबीएस वगैरे भानगड नसलेली. (नव्या सगळ्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं झालं. आमची त्याआधीची.) उतारावर एक डावं वळण आलं. वेग फार नव्हता हो, चाळीस-पन्नासच्या मध्ये कुठेतरी. पण वळणावर डोंगराची लाल माती वाहून आली होती. मी दचकून ब्रेक कचकचून दाबला आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी सरळच! आणखी फिरवलं. तरी सरळच! समोरून त्या क्षणी एसटी आली नाही, ही आमच्या आईबापांची पुण्याई. पलीकडची लेन ओलांडून गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कठड्यापलीकडे फक्त ढग.

थांबली म्हणजे तिची ती थांबली. मी थांबवली नव्हती.

माणगाव येईपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. तिथे चहा पिताना बायको म्हणाली, "तू घाबरलास त्याचं मला काही वाटलं नाही. मीही घाबरले. पण काय करायचं ते तुला माहीतच नव्हतं. ते मला दिसलं."

बॉस, बारा वर्षं गाडी चालवत होतो मी! ऑफिसात कुणाला एअरपोर्टला सोडायचं असलं की पहिलं नाव माझं. आणि ज्या तीन सेकंदांत ड्रायव्हर लागतो, त्या तीन सेकंदांत मी नुसता पॅसेंजर होतो. हातात स्टिअरिंग असलेला पॅसेंजर.

गाढवपणा नंबर एक

मग मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. चकाचक फोटो बघितले, त्यातला सगळ्यात जास्त धुरळा उडवणारा फोटो निवडला आणि पैसे भरले. शहरापासून तासाभरावर 'रॅली एक्सपीरिअन्स', एक दिवस, साडेबारा हजार रुपये, नाश्ता-जेवणासकट. (नाव विचारू नका, सांगणार नाही. नाश्ता चांगला होता एवढं सांगतो.)

सकाळी दहाला पोचलो तर आम्ही अकराजण आणि गाडी एक. बाराला भाषण संपलं, एकला जेवण. मग एकेकाला बसवून मैदानात फिरवायला सुरुवात. शेजारी बसलेला पोरगा ओरडत होता, "हँडब्रेक सर, हँडब्रेक! आता! खेचा!" मी खेचला. गाडी गर्रकन फिरली. बाहेरून टाळ्या. का फिरली, ते मला कळलं नाही. त्यालाही सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे. संध्याकाळी टी-शर्ट, सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो.

घरी येऊन हिशेब केला. माझ्या वाट्याला आलेल्या तीन फेऱ्या मिळून चौदा मिनिटं. म्हणजे मिनिटाला जवळजवळ नऊशे रुपये! आणि ताम्हिणीच्या त्या वळणावर काय करायचं होतं, या प्रश्नाचं उत्तर? अजून कोरंच.

बायकोनं सर्टिफिकेट बघितलं आणि विचारलं, "मग? आता माहीत झालं?" मी ते कपाटात ठेवून दिलं.

आता जरा होमवर्क

दुसऱ्या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. दोन महिने फोनाफोनी केली, गाड्यांच्या नादातल्या लोकांना चहा पाजला आणि एक वही केली. त्या वहीतलं सार तुमच्यासाठी. कारण दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, "यार, असा कोर्स करायचाय, कुठला करू?" नाव सांगण्यापेक्षा प्रश्न सांगतो. ते जास्त टिकतील.

पहिला प्रश्न शाळेला नाही, स्वतःला: कुठली रॅली? आपल्याकडे रॅली म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची मुंबईहून अॅम्बी व्हॅलीला जाणारी बायकांची 'रॅली टू द व्हॅली' आठवतेय ना? ती ही. यात रस्ता चालू असतो, वेग कायद्यातला असतो, आणि ठरलेल्या सरासरीपेक्षा लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. इथे लागतं ते गणित, नकाशा आणि शेजारच्याशी न भांडण्याची ताकद. यासाठी ड्रायव्हिंग स्कूल नको, नवराबायकोत समंजसपणा हवा!

दुसरी स्टेज रॅली. बंद केलेला रस्ता, गाड्या एकेक करून सुटतात, शर्यत घड्याळाशी. ट्रॅक रेसिंगशी हिची गल्लत करू नका. ट्रॅकवर तेच वळण पन्नास वेळा येतं, डांबर गुळगुळीत असतं, आणि पन्नासाव्या वेळी ते वळण तुमच्या हातांना पाठ झालेलं असतं. रॅलीत वळण तपासणीच्या वेळी एकदोनदा बघायला मिळतं, मग थेट वेगातच भेटतं. त्यात आपल्याकडच्या बहुतेक स्टेज मातीच्या. खडी, धूळ, पाऊस पडला तर चिखल. म्हणजे गाडी घसरली तर काय, हा रॅलीवाल्याचा प्रश्नच नसतो. गाडी घसरणारच, हे धरून तो चालवतो.

इथे माझी ट्यूब पेटली. मला चॅम्पियन व्हायचं नव्हतं. ताम्हिणीत त्या दिवशी जे झालं, ते ज्यांच्यासाठी रोजचं आहे, त्यांच्याकडून मला शिकायचं होतं.

माझ्या हातात स्टिअरिंग किती मिनिटं?

हा दुसरा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा. कोर्स किती दिवसांचा, हे विचारू नका. विद्यार्थी किती, गाड्या किती, आणि गाडी प्रत्यक्ष किती तास चालणार, हे विचारा. भागाकार करा. मग फीला त्या मिनिटांनी भागा. स्वस्त कोर्स बहुतेक वेळा सगळ्यात महाग निघतो.

कारण गाडी घसरते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. हातापायांनाच माहीत असावं लागतं, आणि हातपाय भाषणं ऐकून शिकत नाहीत. फिनलंडच्या काल्ले रोवानपेराचं उदाहरण घ्या. बाबा हॅरी रोवानपेरा स्वतः जागतिक रॅलीतले ड्रायव्हर. पोरगा आठ वर्षांचा असताना गोठलेल्या तळ्यावर गाडी आडवी-तिडवी चालवतानाचा व्हिडिओ जगभर फिरला होता. २०२२ मध्ये तो वर्ल्ड रॅली चॅम्पियन झाला, बाविसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आत्तापर्यंतचा सगळ्यात लहान. त्याआधीचा विक्रम १९९५ पासून स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्रेच्या नावावर होता, सत्ताविसाव्या वर्षी. रोवानपेरा बाविसाव्या वर्षी जिंकला खरा, पण तोवर त्याची घसरगुंडीवरची नोकरी चौदा वर्षांची झाली होती, असं बघा!

आपल्याकडे गोठलेलं तळं नाही. म्हणून तर मिनिटं मोजायची.

कुठली चाकं ओढतात?

हा प्रश्न मी आधी विचारलाच नसता. रेडमंडला असलेल्या मित्रानं विचारायला लावला. हा माझा इंजिनिअरिंगचा रूममेट. दर हिवाळ्यात स्नोक्वॉल्मी पासवरून बर्फात स्कीइंगला जाणारा आणि एकदा काळ्या बर्फावर गाडीसकट गोल फिरलेला. (प्रत्येकाची आपापली ताम्हिणी असते!) त्यानं सिअॅटलजवळच्या स्नोक्वॉल्मी गावातल्या 'डर्टफिश' रॅली स्कूलचा कोर्स केला होता. २०१० मध्ये जुन्या लाकूड गिरणीच्या जागेवर सुरू झालेली शाळा. 'ट्विन पीक्स' मालिकेतलं शेरिफचं ऑफिस आठवत असेल तर ती इमारत तिथलीच. तो तिथे ऑल-व्हील-ड्राइव्ह सुबारूवर शिकला.

"सही आहे रे," मी म्हटलं. "मीही सुबारूवालीच शोधतो."

"तू रोज काय चालवतोस?" त्यानं विचारलं.

"हॅचबॅक."

"मग सुबारूवर शिकून काय करशील? माझ्याकडे तीच गाडी आहे, म्हणून मी त्यावर शिकलो."

मुद्दा साधा होता. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. तीच चाकं ओढतात, तीच वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही त्याच घेतात. बिचाऱ्यांवर सुनेसारखं सगळंच काम! टायरची पकड म्हणजे पगार धरा. सगळा ब्रेकवर उडवलात तर वळायला शिल्लक काही उरत नाही. ताम्हिणीत माझं नेमकं हेच झालं होतं. ऑल-व्हील-ड्राइव्हचं वागणं वेगळं, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं त्याहून वेगळं.

अमेरिकेतलीच दुसरी नावाजलेली शाळा, न्यू हॅम्पशरमधल्या डाल्टनची 'टीम ओ'नील'. अमेरिकेतला रॅली चॅम्पियन टिम ओ'नीलनं काढलेली. 'जिमखाना' व्हिडिओंमुळे घराघरांत पोचलेला केन ब्लॉक (२०२३ मध्ये तो गेला) रॅलीचे पहिले धडे गिरवायला तिथेच गेला होता. तिथली पद्धत म्हणजे नवशिक्याला आधी पुढच्या चाकांवरची छोटी, कमी ताकदीची गाडी द्यायची. कमी ताकद असली की चूक झाकायला अॅक्सिलरेटर पुरत नाही. चूक सुधारावीच लागते. फंडा पटण्यासारखा आहे. ज्या ब्रोशरमध्ये 'तीनशे हॉर्सपॉवर' मोठ्या टायपात आणि विद्यार्थिसंख्या बारीक टायपात असते, तिथे नवशिक्यानं जरा जपून.

अमेरिकेला जाणं काही माझ्या बजेटात नव्हतं. पण त्या फोननंतर वहीत एक ओळ ठळक झाली: स्वप्नातल्या नव्हे, घरातल्या गाडीच्या जातीवर शिकायचं.

जमीन कुणाची आणि कसली?

माती हवी. फक्त डांबरावर शिकवतात ती शाळा वाईट नसते, पण ती रॅलीची नसते. मातीवर गाडी कमी वेगातच घसरते, म्हणून चूक स्वस्तात शिकता येते. आणखी एक गंमत: सुट्या खडीवर चाक लॉक झालं की टायरपुढे खडीचा ढीग साचतो आणि गाडी कधी कधी एबीएसपेक्षा कमी अंतरात थांबते. ओल्या डांबरावर हे चालत नाही. जमिनीगणिक नियम बदलतो, हे ज्या शाळेत समजावत नाहीत, तिथून निघा.

आणि जागा पूर्ण बंद हवी. कुंपण, गेट, गेटवर माणूस. "गावाचा रस्ता आहे, दुपारी कुणी नसतं" हे उत्तर मिळालं की फोन ठेवा. यात मी थट्टा करणार नाही. २०१९च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बारमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत असं होऊ शकतं, तर चार खुंट्या ठोकून चालवलेल्या कोर्सची काय कथा? आपल्या हौसेची किंमत दुसऱ्या कुणी मोजायची नाही. बस.

हेल्मेट आहे, पण इन्शुरन्स?

गाडीत रोल केज, म्हणजे छताखालचा लोखंडी पिंजरा हवा. अनेक पट्ट्यांचा हार्नेस, आग विझवायचं नळकांडं, मापाचं हेल्मेट, आणि वेगाचं काम असेल तर मान सांभाळणारं हॅन्स. मैदानावर अॅम्ब्युलन्स आहे की फक्त 'जवळच हॉस्पिटल आहे', हे स्पष्ट विचारा. तुम्ही हे विचारल्यावर समोरच्याला राग आला, तर तेच तुमचं उत्तर.

काही ठिकाणी 'स्वतःची गाडी आणा, डिस्काउंट घ्या' असं असतं. मोह होतो, पण घरी जाऊन पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या विम्यात संघटित रेसिंग, वेगाची चाचणी वगैरे वापर सरळ वगळलेला असतो. डिस्काउंट हजारांत, बंपर-सस्पेन्शनचं बिल लाखात. आणि नंतर आईला काय सांगणार?

शेजारी कोण बसणार?

आपल्याकडे गुणी माणसांची कमतरता नाही. गौरव गिलनं एशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा मारली आणि २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारा तो मोटरस्पोर्टमधला पहिला खेळाडू ठरला. कोइम्बतूर, चेन्नई, बंगळुरू या पट्ट्यात तर हा खेळ पिढ्यान् पिढ्या रुजलेला. आपल्या नाशिकलाही राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. तेव्हा भिंतीवर मोठ्या नावाचा फोटो असणं अवघड नाही. प्रश्न असा, की माझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार? फोटोतला माणूस की फोटो काढणारा?

आणि चांगला ड्रायव्हर चांगला मास्तर असतोच असं नाही. आमच्या कॉलेजात गणितातला गोल्ड मेडलिस्ट शिकवायला होता. त्याला सगळं येत होतं, आम्हाला काही आलं नाही.

इथे को-ड्रायव्हरची सीटही विसरू नका. रॅलीत शेजारचा माणूस पेस नोट्स वाचतो: पुढे किती मीटरवर, कुठल्या बाजूचं, किती आवळ वळण. बऱ्याच पद्धतींत वळणाला एक ते सहा आकडे देतात, एक म्हणजे सगळ्यात आवळ, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. केरळच्या मूसा शेरीफनं तर त्या सीटवरच नाव कमावलंय. जी शाळा तुम्हाला अर्धा तास तरी शेजारी बसवून नोट्स वाचायला लावते, ती तुम्हाला एक मोठी गोष्ट शिकवते. शेजारी बसणाऱ्याला कसं वाटतं, ते!

पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. शाळेचं सर्टिफिकेट त्यासाठी चालतं का, हे आधीच विचारून घ्या. मला त्याची गरज नव्हती, म्हणून हे एवढ्यावरच सोडतो.

आणि मग तो फोन

वहीत पाच शाळा उरल्या होत्या. चार ठिकाणी मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, शेवटी विचारलं, "सर, बुकिंग कधीचं करू? कार्ड की ट्रान्सफर?"

पाचवा फोन दक्षिणेतल्या एका लहानशा शाळेला. फोन मालकानंच उचलला. वीस वर्षं रॅली केलेला माणूस. माझे प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाला, "आता मी विचारू? रोज गाडी कुठली चालवता? चष्मा आहे? पाठीचं दुखणं? शेवटची चूक कुठली केलीत?"

मी ताम्हिणी सांगितली. सगळी. बायकोचं वाक्य सोडून.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्हाला दोन दिवस पुरतील. पहिल्या सकाळी हँडब्रेकला हात लावू देणार नाही. चालेल?"

मंडळी, सगळी वही एका बाजूला आणि हा फोन एका बाजूला. चांगला डॉक्टर औषधाआधी विचारतो ना, तसंच हे. जी शाळा तुम्हाला काहीच विचारत नाही, तिला तुमचं काहीच शिकवायचं नसतं.

दोन दिवस, तीन विद्यार्थी, पुढच्या चाकांवरची जुनी हॅचबॅक, छत्तीस हजार रुपये. जाण्यायेण्याचं वेगळं. माझ्या वाट्याला तीन तास चालवणं. मिनिटाला दोनशे. ऑफिसची दोन दिवस रजा टाकली आणि बॉसला सांगितलं, "ट्रेनिंग आहे." खोटं कुठे होतं?

पाय उचला!

पहिल्या सकाळी मैदानात पाण्याचा टँकर फिरवलेला. लाल चिखल. मला एकदम ओळखीचं वाटलं. समोर शंकू मांडलेले. सर म्हणाले, "चाळीसचा वेग घ्या. शंकूंपाशी ब्रेक पूर्ण दाबा आणि डावीकडे वळा."

दाबला. वळवलं. गाडी सरळच! शंकू चिरडत सरळच. पोटात तोच गोळा, तोच कठडा डोळ्यांसमोर.

"परत. या वेळी वळवल्यावर पाय उचला."

"कशावरचा?"

"ब्रेकवरचा."

दोनदा मला ते जमलंच नाही. घसरणाऱ्या गाडीत ब्रेक सोडायचा? सगळं शरीर नको म्हणत होतं. तिसऱ्यांदा पाय थोडा उचलला आणि... गाडी वळली! कुणी हात धरून वळवावी तशी. लॉक झालेली चाकं फिरायला लागली, पकड परत आली आणि स्टिअरिंग जिवंत झालं. एवढंच होतं ते. दोन वर्षं जे शोधत होतो ते उत्तर म्हणजे उजव्या पायाची इंचभर हालचाल.

मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. सर काही बोलले नाहीत. चांगल्या मास्तरला हेही कळतं.

दुपारी नजर. शंकूकडे बघितलं की गाडी शंकूवर जाते, मोकळ्या जागेकडे बघितलं की मोकळ्या जागेत. कठडा दिसला की आपण कठड्याकडेच बघतो, तिथेच घोळ! दुसऱ्या दिवशी डाव्या पायानं ब्रेक. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून डाव्यानं हलकासा ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पुढची चाकं जमिनीला चावतात, मागची हलकी होतात आणि गाडी वळणात आपोआप शिरते. वाचायला सोपं. पण आपल्या डाव्या पायाला आयुष्यभर फक्त क्लच दाबायची सवय, खाली जाईपर्यंत! पहिल्या प्रयत्नाला मी, सर आणि मागची पाण्याची बाटली असे तिघंही पुढे आदळलो. शेवटच्या तासाला हँडब्रेक. गाडी गर्रकन फिरली. या वेळी का फिरली, ते मला माहीत होतं.

निघताना मी विचारलं, "सर, मी रॅली ड्रायव्हर होऊ शकतो?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "उशिरा सुरुवात केलीत आणि घाबरता फार. पण घरी नेऊन सोडाल लोकांना."

साडेबारा हजारवाल्यांनी मला सर्टिफिकेट दिलं होतं. यांनी हे वाक्य दिलं. मी ते फ्रेम करून लावायला तयार आहे.

पुन्हा जुलै

यंदा परत दिवेआगरला गेलो. तोच घाट, तसाच पाऊस. गंमत सांगू? मी आधीपेक्षा हळू चालवली. पकड म्हणजे किती, हे एकदा कळलं की उधळपट्टी होत नाही. ते डावं वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक संपवला, नजर वळणाच्या टोकाला लावली आणि निघून गेलो. लाल माती होती. कठडाही होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

माणगावला गाडी थांबल्यावर बायकोला जाग आली. डोळे चोळत तिनं विचारलं, "ते वळण आलं का रे?"

"मागेच गेलं."

"मग उठवलं का नाहीस?"

"काही झालंच नाही. कशासाठी उठवू?"

ती हसली. चहा सांगायला मीच उतरलो.